सोबत्यांची शर्यत : व्हिक क्लॅफॅम

आपल्या वयाच्या मंडळींतही आता मॅरेथॉनचे वेड शिरले आहे. या छंदातल्या सगळ्यांना दक्षिण आफ्रिकेतली ‘कॉम्रेड्स’ ठाऊक असते. सुमारे ९० किलोमीटरची ही शर्यत धावायला मुंबई-पुण्याचेही अनेक जण जातात. ती सुरू करणाऱ्या व्हिक क्लॅफॅम यांची ही ओळख.

क्लॅफॅम यांचा जन्म १८८६चा, लंडनचा. लहानपणीच ते आई-वडिलांबरोबर दक्षिण आफ्रिकेत आले. बोअर युद्ध पेटले तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा जखमींची सेवा करणाऱ्या पथकात गेला. पुढे नाताळ प्रांतात ते रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर झाले. पहिल्या महायुद्धात साधे शिपाई म्हणून त्यांनी पूर्व आफ्रिकेत जर्मन फौजेमागे सुमारे २,७०० किलोमीटर पायपीट केली. ऊन, हिवताप आणि उपासमार सोसताना कितीतरी सोबती डोळ्यांदेखत गेले.

परतल्यावर त्यांना वाटले, या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको. त्यांनी सोसले त्यातले थोडे तरी आपण सोसावे. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन धावण्याची कल्पना त्यांनी माजी सैनिकांच्या संघटनेपुढे मांडली. हे पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे १८९३ साली गांधीजींना जिथे गाडीतून उतरवले, तेच. एवढे अंतर माणसाला झेपणार नाही, म्हणून नकार आला. क्लॅफॅम यांनी पिच्छा सोडला नाही. साध्या नागरी जीवनातून आलेली माणसे तशी चाल करू शकली, तर धावपटूंना हे का जमू नये, असा त्यांचा मुद्दा होता. अखेर १९२१ साली परवानगी मिळाली आणि खर्चासाठी एक पौंड, तोही परत करण्याच्या बोलीवर!

२४ मे १९२१, एम्पायर डेची सुट्टी. ३४ जण निघाले, १६ पोहोचले. बिल रोवन हा शेतकरी ८ तास ५९ मिनिटांत पहिला आला.

मात्र ‘सोबती’ कोणाला म्हणायचे, याचे उत्तर बराच काळ अपुरे होते. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या तरीही धावल्या आणि पोहोचल्या. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हे कृष्णवर्णीय धावपटूही नोंदीविनाच धावले. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना रीतसर प्रवेश मिळायला १९७५ उजाडले. १९८९ साली सॅम त्शाबालाला हे पहिले कृष्णवर्णीय विजेते ठरले.

दुसऱ्या महायुद्धातली वर्षे सोडली, तर ही शर्यत दीर्घकाळ अखंड चालली. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला की आपण मोकळे होतो. क्लॅफॅम यांच्या स्मारकासाठी दरवर्षी नव्याने घाम गाळावा लागतो. आपल्या गेलेल्या गुरुजनांसाठी आणि वर्गमित्रांसाठी काय करावे, याचा विचार या मेळाव्यात होणारच आहे. तेव्हा दरवर्षी सगळ्यांनी मिळून करायचे काहीतरी ठरवू या, आणि त्यातून कोणी वगळला जाणार नाही एवढे पाहू या.