भिंतीवरचा दिवा

आमच्या सांगलीच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक चित्र आहे. जुन्या कॅलेंडरातून कापून आजोबांनी ते काचेत बसविलेले. एक स्त्री दिवा घेऊन उभी आहे. ज्योत विझू नये म्हणून दुसरा हात तिने आड धरला आहे, आणि त्या हाताची बोटे उजेडाने लालसर झाली आहेत. बस्स, एवढेच. ना देव, ना पुराणातला प्रसंग. हे चित्र राजा रविवर्म्याचे, असे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मीही तेच घोकले.

गेल्या वर्षी आमची सहल सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची अस्सल चित्रे पाहताना मी ऐटीत बोलून गेलो की, यांचे दिवेवालीचे चित्र आमच्या घरी आहे. सर हसले. रविवर्मा वारला १९०६ साली, आणि ते चित्र १९४५-४६ मधले! ते काढले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. 'ग्लो ऑफ होप' हे त्याचे नाव, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मला ओशाळल्यासारखे झाले. परतल्यावर ग्रंथालयात हळदणकर शोधू लागलो.

त्यांचा जन्म १८८२ चा, सावंतवाडीचा. मुलाचा हात पाहून संस्थानिकांनी साहाय्य केले आणि १९०३ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले. पुढे १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली. १९१८ च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. १९६८ मध्ये ते निवर्तले.

पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हे चित्र तैलरंगातले असावे असे मी धरून चाललो होतो. ते निघाले जलरंगातले. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. एकदा तिथे काळोख सांडला की उजेड पुन्हा आणता येत नाही. चित्रकलेच्या परीक्षेत ज्यांनी कागद वाया घालविले आहेत, त्यांना हे मी काय सांगावे!

आणि ती स्त्री कोण? हळदणकरांची स्वतःचीच मुलगी, गीता. लग्नानंतर ती कोल्हापूरला राहिली आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये वारली. आम्ही रोज जिच्याकडे पाहत होतो, ती सांगलीहून एस.टी.ने दीड-दोन तासांच्या अंतरावर राहत होती, आणि आम्ही रविवर्म्याचे गोडवे गात बसलो होतो.

सुट्टीत आजोबांना हे सांगितले. रविवर्म्याचे नाव सोडायला ते प्रथम तयार होईनात. मग चित्र खाली उतरवून, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मुलीचे नाव त्यांनी मला दोनदा विचारले. चित्र पुन्हा टांगण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर दोन्ही नावे लिहून ठेव म्हणाले, बापाचे आणि लेकीचे.