इंटरनेटचे दिवाणजी : जॉन पोस्टेल

आमच्या हुपरीत चांदी तोलून कारागिराच्या घरी जाते आणि पैंजण होऊन परत येते. मध्ये असते ती वहीतली नोंद, आणि वही लिहिणाऱ्यावरचा विश्वास. इंटरनेटचीही अशीच एक वही आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ती एकाच माणसाने सांभाळली. हे दिवाणजी म्हणजे जॉन पोस्टेल.

६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचा जन्म झाला. इंजिनिअरिंग केलं लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. १९६९ मध्ये अर्पानेटचा पहिला संदेश तिथूनच गेला, तेव्हा ते तिथे विद्यार्थी होते. कोणत्या कामाला कोणता नंबर, हे ठरवायला एकच माणूस हवा असं १९७२ साली त्यांनी सुचवलं आणि ते काम स्वतःच अंगावर घेतलं. १९८१ साली आयपी आणि टीसीपीचे नियम प्रसिद्ध झाले, त्यांचे संपादकही तेच.

आता आपल्या लॅपटॉपवर या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन बनवलं आणि नेटवर्क नॅटवर ठेवलं, की आतल्या लिनक्सला बहुतेक वेळा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. हॉस्टेलमध्ये दहा जणांकडे तोच पत्ता, तरी भांडण नाही! कारण १० आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते पोस्टेल यांच्या वहीत खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. त्याचा आजचा नियम १९९६ चा आहे. हे पत्ते बाहेर चालत नाहीत, म्हणून पॅकेट बाहेर पडताना नॅट त्यावर लॅपटॉपचा पत्ता घालतं. ब्रिज्ड मोडमध्ये मात्र व्हीएम थेट हॉस्टेलच्या राउटरकडून स्वतःचा वेगळा पत्ता घेतं.

नॅटमध्ये बाहेरून आत शिरायचं, तर पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं. लॅपटॉपचा २२२२ आतल्या २२ ला जोडायचा. हा २२ कुठून आला? जुलै १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी एसएसएचसाठी तो ईमेलने मागितला आणि पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकला. इतकं सोपं!

पण एका माणसाच्या हाती एवढं असावं का? २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला, की मुख्य यादी सरकारी कंत्राटदाराऐवजी आपल्याकडून घ्या. त्यांनी ती घेतली! सरकारने दटावल्यावर पोस्टेल यांनी ती फक्त चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. पुढे ३० सप्टेंबर १९९८ ला या कामासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर सोळाच दिवसांनी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेले. वय अवघं ५५.

एका ईमेलवर इंटरनेटची दिशा बदलते, हे वाचून मला खरं तर भीतीच वाटली. वही संस्थेकडे गेली ते बरंच झालं. पण ते आठ जण हुकमाला घाबरून हलले नव्हते. इतकी वर्षं चोख नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा शब्द त्यांनी मानला होता. अशी पत कुठल्याही सेटिंगमध्ये टिक करून मिळत नाही, ती आपल्यालाही रोजच्या कामातूनच कमवावी लागणार आहे.