अंदाज करायला शिकवणारा गणिती

कला शाखेत नाव घातले की गणिताशी असलेला संबंध कायमचा संपला, अशी आपली समजूत असते. जॉर्ज पोल्या यांचे चरित्र वाचताना म्हणूनच मोठी गंमत वाटते. गणित कसे शिकवावे याविषयी जगभरच्या शिक्षकांना नवी दृष्टी देणारा हा गणिती आधी कायद्याच्या, मग भाषा व साहित्याच्या आणि त्यानंतर तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसला. गणिताकडे तो वळला तो सर्वांत शेवटी.

पोल्या यांचा जन्म १३ डिसेंबर १८८७ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. ते दहा वर्षांचे असतानाच वडील वारले. शाळेत ते हुशार होते, पण ओढा साहित्याकडे. गणिताचे शिक्षक एखादा अपवाद सोडला तर त्यांना रुक्षच वाटले. हंगेरीत शालेय विद्यार्थ्यांसाठी गणिताची एक नामांकित स्पर्धा होत असे. पोल्या तेथे गेले खरे, पण उत्तरपत्रिका न देताच परतले!

१९०५ मध्ये त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि पहिल्याच सत्रानंतर सोडला. पुढे दोन वर्षे भाषांचा अभ्यास करून लॅटिन व हंगेरियन शिकवण्याची पात्रता मिळवली. नंतर तत्त्वज्ञानाची गोडी लागली, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांनी तत्त्वज्ञान नीट उमगण्यासाठी पदार्थविज्ञान व गणित शिकण्याचा सल्ला दिला. तेथे फेयेर हे थोर गणिती गुरू म्हणून लाभले आणि वाट निश्चित झाली. १९१२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९१४ पासून ते झुरिचच्या तंत्रविद्यापीठात शिकवू लागले.

विद्यार्थिदशेपासून एक प्रश्न त्यांचा पाठलाग करीत होता. फळ्यावरची सिद्धता पटते, तिच्यातील प्रत्येक पायरी बरोबर असते. पण ती मुळात कोणाला सुचली कशी? या प्रश्नातूनच त्यांचे सारे शिक्षणविषयक कार्य उभे राहिले. १९२५ मध्ये गाबोर सेगो यांच्यासह त्यांनी उदाहरणांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात उदाहरणांची मांडणी विषयानुसार न करता सोडवण्याच्या रीतीनुसार केली होती. एका उदाहरणातून हाती आलेली युक्ती पुढच्या उदाहरणाला उपयोगी पडावी, हा त्यामागचा हेतू.

याच सुमारास ते इंग्लंडमध्ये हार्डी यांच्याबरोबर काम करीत होते. त्या काळातील एक आठवण आपल्याला विशेष जवळची वाटेल. त्यांनी हार्डींकडून रामानुजनांच्या वह्या वाचायला नेल्या आणि थोड्याच दिवसांत घाईघाईने परत आणून दिल्या. त्या सूत्रांच्या मोहात सापडलो तर ती सिद्ध करण्यातच आयुष्य जाईल आणि स्वतःचे असे काही शोधायचे राहून जाईल, अशी त्यांना भीती वाटली. स्वतः शोधण्याच्या आनंदाचे मोल या माणसाला किती होते, हे यावरून कळते.

युरोपवर युद्धाचे सावट असताना १९४० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९४२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. १९४५ मध्ये त्यांचे ‘हाऊ टु सॉल्व्ह इट’ हे छोटेसे पुस्तक निघाले. पुढे त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. उदाहरण समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा आणि मग मागे वळून पाहा, या चार पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. शिक्षकाने काय करावे, हेही त्यांनी दाखवले. खोलीची लांबी, रुंदी व उंची दिली आहे. जमिनीच्या एका कोपऱ्यापासून छताच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर काढायचे आहे. शिक्षक सूत्र सांगत नाही. काय शोधायचे आहे, असे काही पूर्वी सोडवले आहे का, काटकोन त्रिकोण कोठे दिसतो का, असे तो विचारत राहतो. मूल जमिनीवरचा कर्ण स्वतः काढते आणि पायथागोरसचे प्रमेय दोनदा वापरून उत्तरापर्यंत पोहोचते. मदत इतकी मोठी नको की मुलाला करण्यासारखे काही उरणार नाही, आणि इतकी तोकडीही नको की ते हताश होईल.

१९६६ मध्ये त्यांच्या अध्यापनावर एक चित्रपट निघाला. पाच प्रतलांनी अवकाशाचे जास्तीत जास्त किती भाग होतील, हा त्यातील प्रश्न. एका प्रतलाने दोन, दोनांनी चार, तिनांनी आठ. मग चारांनी सोळा असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात होतात पंधरा! अंदाज चुकला की खरा विचार सुरू होतो. प्रतलाऐवजी कागदावर रेषा घेतल्या तर भाग होतात २, ४, ७, ११. आता चौथे प्रतल पाहू. आधीची तीन प्रतले त्याच्यावर तीन रेषा उमटवतात, त्यामुळे त्या प्रतलाचे सात तुकडे होतात. प्रत्येक तुकडा अवकाशाच्या एका जुन्या भागाचे दोन भाग करतो. म्हणून आठात सात मिळवून पंधरा. तसेच पाचव्याने अकरा वाढतात आणि उत्तर येते २६. आधी अंदाज, मग पडताळा आणि शेवटी सिद्धता, हा क्रम विद्यार्थ्याने स्वतः अनुभवावा असा पोल्यांचा आग्रह होता.

या पद्धतीवर एक रास्त आक्षेप घेता येतो. तिला वेळ फार लागतो. साठ मुलांच्या वर्गात, परीक्षा तोंडावर असताना, एकाच उदाहरणावर तास घालवणे कोणत्या शिक्षकाला परवडेल? पण मार्गदर्शकातील उत्तरे पाठ करून आलेल्या मुलाला उदाहरणाचे रूप जरा बदलताच काही सुचत नाही, हेही आपण रोज पाहतो. वाचवलेला वेळ तेथे दामदुपटीने फेडावा लागतो. दर तासाला नाही, तरी आठवड्यातून एखादे उदाहरण असे मुलांच्या हाती सोपवणे अशक्य नाही.

पोल्या १९५३ मध्ये निवृत्त झाले, तरी नव्वदी गाठेपर्यंत ते अधूनमधून शिकवतच राहिले. ७ सप्टेंबर १९८५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, कोणी मराठीचे, कोणी इतिहासाचे. उत्तर ओठांवर आलेले असताना क्षणभर थांबून ते विद्यार्थ्याला शोधू देण्याचा संयम प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला लागतो. पोल्यांच्या आयुष्यातून तो शिकण्यासाठी गणित आलेच पाहिजे असे नाही.