चेनसॉ एकट्याच्या हातात देणारे आंद्रेआस स्टिल कोण होते?

बोईसर-पालघरकडे वादळात रस्त्यावर झाड आडवं झालं की आधी शोध सुरू होतो तो चेनसॉचा. हे यंत्र एकट्या माणसाला पेलणारं झालं कसं?

आंद्रेआस स्टिल यांचा जन्म 1896 मध्ये झुरिचमध्ये झाला. 1926 मध्ये त्यांनी जर्मनीत विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली, तर 1929 मध्ये पेट्रोलवरची. दोन्ही चालवायला दोघं लागत.

त्यांच्या आयुष्याला काळी बाजूही आहे. ते नाझी पक्षात आणि एसएसमध्ये होते. युद्धानंतर त्यांना स्थानबद्ध करण्यात आलं.

1950 मध्ये एकट्याने चालवायची त्यांची पेट्रोल करवत आली, 1959 मध्ये गाजलेली 'कॉन्ट्रा'. 1973 मध्ये स्टिल गेले. जुन्या कॉन्ट्रा मात्र हौशी मंडळी साखळीला धार लावून, तेल घालून आजही चालवतात.