लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर

पर्यावरणपूरक अवजार म्हणजे काहीतरी नवीन, असे आपल्याला वाटते. पण कमी साहित्यात बनलेले, दुरुस्त करता येणारे आणि वर्षानुवर्षे चालणारे अवजार हेच खरे पर्यावरणपूरक. या दृष्टीने लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले. मग त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचे शिक्षण घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर तयार केला.

लाकडी नांगर जमीन फक्त चिरतो. लोखंडी नांगर मातीचा थर उलटा करतो, त्यामुळे हराळी, कुंदा यांसारख्या तणांच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. तरीही लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल, या भीतीने शेतकरी तो घेत नव्हते. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव मात्र मागे हटले नाहीत.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी कोल्हापूर दरबाराने पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर बनवण्यात आले. ज्याला आज आपण पुनर्वापर म्हणतो, ते तेव्हा अडचणीतून सुचलेले शहाणपण होते. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

लोखंडी नांगरात मातीशी घासून सर्वांत आधी फाळ झिजतो. फाळ वेगळा बसवलेला असेल, तर तेवढाच बदलून बाकीचा नांगर पुढे चालतो. लाकूडही वाचते, लोखंडही वाचते आणि पैसाही.

म्हणून नवीन अवजार घेताना तीन गोष्टी तपासा:

• झिजणारा भाग सुटा करून बदलता येतो का?
• त्याचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का, आणि गावातला लोहार किंवा फिटर ते बसवू शकतो का?
• ते आपल्या जमिनीला आणि बैलजोडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या ताकदीला साजेसे आहे का?

तिन्हींचे उत्तर होय असेल, तरच अवजार घरी आणा. एक भाग मोडला म्हणून भंगारात जाणारे अवजार कितीही स्वस्त मिळाले, तरी शेवटी महागच पडते.