विल्यम अ‍ॅडम

शिक्षणाची खरी स्थिति जाणावयाची तर केवळ अंदाजावर विसंबून चालत नाहीं, हें ज्यांनीं कृतीनें दाखविलें, त्यांत विल्यम अ‍ॅडम यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म इ. स. १७९६ मध्यें स्कॉटलंडांतील डनफर्मलिन येथें झाला. १८१८ मध्यें ते मिशनरी म्हणून बंगालांत आले. तेथें राजा राममोहन रॉय यांचा व त्यांचा स्नेह जडला.

१८३५ मध्यें गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनीं बंगाल-बिहारांतील शिक्षणाची पाहणी त्यांजकडे सोंपविली. पहिला अहवाल जुन्या कागदपत्रांवरून सिद्ध झाला. त्यांत एक लक्ष शाळांचा अंदाज होता. त्याविषयीं पुढें दीर्घ काळ वाद चालला. परंतु अंदाज म्हणजे गणना नव्हे. म्हणून अ‍ॅडमसाहेबांनीं राजशाही जिल्ह्यांतील नाटोर हें एकच ठाणें निवडून गांवोगांव माहिती मिळविली. प्राथमिक शाळा निघाल्या अवघ्या २७ व विद्यार्थी २६२. येथेंच ते थांबते तर बाकीचीं सारीं मुलें अशिक्षित ठरलीं असतीं. पण घरच्या शिक्षणाचीही त्यांनीं विचारपूस केली. तेव्हां २३८ गांवांतील १,५८८ कुटुंबांत, त्यांच्या हिशेबें, २,३८२ मुलें घरींच शिकत असल्याचें आढळलें. म्हणजे शाळेंतल्यांच्या नऊपट!

१८३८ मध्यें पांच जिल्ह्यांच्या पाहणीचा तिसरा अहवाल त्यांनीं सादर केला. देशी शाळा सुधारण्याच्या त्यांच्या सूचना सरकारनें स्वीकारल्या नाहींत. तरी ते अहवाल अभ्यासकांस आजही उपयोगी पडतात. १८८१ मध्यें ते निवर्तले.

बालमित्रहो, प्रश्नांत ज्या गोष्टीस जागाच नाहीं, ती उत्तरांत कोठून येणार?