रेशीमकिड्यांची मारिया
सहलीत मोहनखेड्याच्या मुक्कामी दिव्याखाली मेलेले पतंग पाहून मुलांनी विचारले, हे एवढेच जगतात का? आम्हाला मारिया सिबिला मेरियन आठवल्या. जन्म फ्रँकफर्टचा, १६४७. किडे चिखलातून उपजतात, असे तेव्हा पुष्कळ लोक मानीत. तेराव्या वर्षी मारियाने रेशीमकिडे पाळले. अंडे, अळी, कोश, पतंग हा क्रम पाहून टिपला. रेशमाचा पतंग काही खात नाही, थोड्याच दिवसांत मरतो; खाणे सारे अळीनेच उरकलेले असते. म्हणून अळीच्या चित्रात तिच्या खाण्याचे झाडही त्या काढीत. १६९९ मध्ये, बावन्न वर्षांच्या असताना, धाकट्या मुलीला घेऊन त्या जहाजाने सुरिनामला गेल्या. आजारी पडून १७०१ मध्ये परतल्या, तरी १७०५ मध्ये ग्रंथ काढलाच. १७१७ मध्ये ॲम्स्टरडॅमला वारल्या.